डावी पाठ, दोन सूत माया

माझ्या दुकानात आरसा आहे, पण तो गिऱ्हाइकांसाठी. मला त्याचं काही काम पडत नाही. बाभुळगावच्या स्टँडसमोर बावीस वर्षं झाली मशीन चालवते आहे. बाई दारातून आत आली की तिचं अर्धं माप मी डोळ्यांनीच घेऊन मोकळी होते. एक खांदा उतरलेला, एक दंड जाड, पाठीला जरासा पोक, हे सगळं टेप हातात घ्यायच्या आधी दिसतं. आणि दिसलं की मी ते झाकते. माझ्याकडचं ब्लाउज घालून बाई लग्नात उभी राहिली की सरळच दिसणार. या गोष्टीचा मला भारी गर्व होता. होता म्हणते, कारण तो माझ्या पोटच्या पोरीनंच उतरवला.

आधीच सांगून ठेवते, लिहिताना मी 'मला' लिहिते, पण तोंडातून 'मले'च निघतं. कोणी हसू नये.

शिलाई मला एका चाचांनी शिकवली. मी लग्न होऊन नवीनच आले होते आणि त्यांचं मर्दानी कपड्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. चाचा म्हणायचे, "बेटी, बदन जैसा है वैसा रहने दो. कपडा सीधा दिखना चाहिये." उतरलेल्या खांद्यात बकरमची, म्हणजे खळीच्या कडक कापडाची, घडी कशी घालायची, फुगीर बाजूला माया कशी सोडायची, हे सगळं त्यांचंच. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, अंग भरलं की उसवून सैल करता यावं म्हणून. वहीत माप लिहायची त्यांची एक खास रीत होती. तीही मी जशीच्या तशी उचलली. त्या रीतीनं पुढं मला कसं तोंडावर पाडलं, ते येईलच.

मुलगी एकच. जीभ माझ्यासारखी, नाक बापासारखं. ती पाचवीत गेली तेव्हा शाळेनं मुलींना कुर्ता-पायजमा केला. पहिल्या फिटिंगलाच मला कळलं की कुर्ता पाठीवर एका अंगानं चढतो. मी वहीत लिहिलं, 'डावी पाठ, दोन सूत माया. खांद्यात घडी.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा गोष्टीची कोण फिकीर करतं? सहावीला चार सूत लिहिलं. सातवीला पाच. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. खोटं कायले बोलू? वाटलं ते एवढंच, की अख्ख्या शाळेत माझ्या पोरीचा ड्रेस कसा अंगावर ओतल्यासारखा बसतो! दरवर्षी शाळेत तपासणीची गाडी यायची. दात पाहायचे, डोळे पाहायचे, नखं पाहायची. पाठ बघायची तर कुर्त्यावरूनच, आणि कुर्ता माझ्या हातचा. पोरगी पास.

सातवीच्या हिवाळ्यात खेळांसाठी शाळेनं सगळ्यांना रेडीमेड टी-शर्ट दिले. पोरगी तो घालून घरी आली आणि माझं डोकंच फिरलं. एका बाजूनं टी-शर्ट कमरेखाली, दुसऱ्या बाजूनं वर. गळा तिरपा.

"कोण्या आंधळ्यानं शिवला व हा?" मी म्हटलं.

"आई, सगळ्यायचे असेच हायेत. बाकीच्यायले बरोबर बसते," ती म्हणाली. "खेळाच्या मॅडमनं सांगतलं, आईले म्हणा पाठ दाखवून घे डॉक्टरले."

"पाठ कायले दाखवायची? त्या टी-शर्टवाल्याले दाखवा म्हणा डॉक्टरले!"

तिच्या अंगावरून तो काढायला लावला, टेबलावर पसरला आणि टेप घेऊन बसले. मनात उद्याचं भाषणसुद्धा तयार होतं, शाळेत जाऊन हेडमास्तरांसमोर काय काय सुनवायचं त्याचं. डावी बाजू मोजली. उजवी मोजली. सारखी. गळा मधोमध दुमडून पाहिला, दोन्ही खांदे एकमेकांवर तंतोतंत. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. टी-शर्टात एका धाग्याचा फरक नव्हता.

मग मी टेप खाली ठेवला.

मशीनच्या खणातून जुनी वही काढली. दोन सूत, चार सूत, पाच सूत. तीन वर्षं माझी पोरगी वाकत चालली होती, आणि ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पोरीला जवळ बोलावलं. सातवीत गेल्यापासून ती मला पाठ दाखवत नव्हती, कपडे बदलताना दार लावून घ्यायची. तेव्हा माप घेताना घालते तसे समोरूनच तिच्याभोवती हात घातले आणि ड्रेसवरून पाठ चाचपली. माझ्या डाव्या हाताखाली फुगवटा लागला. वहीतही डावी, हातालाही डावी. म्हटलं, ठरलं.

दुसऱ्या दिवशी इथल्याच दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर, बाहेर ही रांग, आणि आत पडदा म्हणजे नावापुरता. पोरीनं ओढणी घट्ट धरली आणि मान हलवली, नाही म्हणजे नाही. डॉक्टर बिचारे भले होते, जबरदस्ती केली नाही. मला विचारलं, "कोणत्या बाजूला आहे?" मी छातीठोकपणे सांगितलं, "डावीकडं. वहीत तीन वर्षांचं लिहून हाय."

ते म्हणाले, "मुलींचा बाक या वयात सहसा उजवीकडे असतो. डावीकडे असेल तर थोडं सावध राहावं लागतं. मणक्याच्या आत काही आहे का, हे बघायला एमआरआय लागेल बहुतेक. यवतमाळला हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा." आणि चिठ्ठीवर त्यांनी डावी बाजू असं लिहून दिलं.

मणक्याच्या आत काही. काय काही? हे मी विचारलंच नाही. चिठ्ठी वहीत घातली आणि पोरीला घेऊन घरी आले.

यवतमाळचा नंबर आठ दिवसांनी होता. ते आठ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पोरीचा बाप काळी-पिवळी जीप चालवतो, यवतमाळ ते बाभुळगाव. त्याच्या पोटात काही राहत नाही. एका दिवसात सगळ्या सवाऱ्यांना कळलं, आणि प्रत्येक सवारी उतरताना एक सल्ला देऊन गेली. घरी आला की तो चहा पिता पिता यादी वाचायचा.

"अवं, आज एक बाई बसलती, ती म्हणे दप्तराच्या वझ्यानं होते."

"बरं."

"एक गुरुजी म्हणे, कुशीवर झोपून होते. अन् एक म्हातारा म्हणे, पोट्टीले झाडाले लटकवत जा सकाळी."

"तुमाले लटकवते आधी," मी म्हटलं.

पण सगळ्यात मोठा घोळ घातला तो पोरीच्या मैत्रिणीनं. तिच्या मामाचा एमआरआय झाला होता. ती सांगून बसली की भोंग्यासारख्या बोगद्यात घालतात, आतून ठोकाठोक होते, आणि अंगावर एक हूक जरी राहिला तरी मशीन तो ओढून घेते. झालं. पोरगी जेवेना.

"आई, मी त्या मशीनमध्ये नाही जात बरं."

"काहून नाही जात? मी हाय ना संगं."

"तू बाहेर राहशील. अन् माझ्या ड्रेसले हूक असंल तं?"

आता हुकाचंच दुखणं असेल, तर ते माझ्या हातचं होतं! मी त्याच दुपारी कापड काढलं. फिकट निळं सुती, अंगाला मऊ. हूक नाही, चेन नाही, बटण नाही, चापसुद्धा नाही. बाजूला कापडाच्याच नाड्या, गळ्याशी कापडाचाच फासा. दोन्ही खांदे सारखे ठेवले की नाही? नाही. हात आपोआप बकरमच्या डब्याकडे गेला, उतरत्या खांद्यात घडी घातली आणि वहीतल्याप्रमाणं पाठीला माया सोडली. सवय वाईट. शेजारच्या बाया येऊन पाहून गेल्या. पोरीनं त्याला नावच दिलं, एमआरआयचा ड्रेस. त्या दिवशी ती पोटभर जेवली, पण मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. ड्रेस शिवून होत होता, आत काय आहे ते शिवणीनं कुठं कळतं?

यवतमाळला हाडांच्या डॉक्टर बाई निघाल्या, पन्नाशीच्या, बोलणं सरळ. त्यांनी आधी पोरीशी गप्पा मारल्या. पाठ दुखते का, रात्री दुखण्यानं जाग येते का, पायांना मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास, पाळी कधी सुरू झाली. पोरीनं सगळ्याला पटापट उत्तरं दिली. मग दार नीट बंद करून, नर्सला जवळ उभं करून म्हणाल्या, "पाठीवरून कपडा वर घे, दोन्ही हात जोड आणि चिंचा वेचायला वाकतेस तशी वाक." पोरगी निमूट वाकली. माझ्यापुढं जी पाठ सहा महिने उघडी झाली नाही, ती त्या बाईंपुढं एका वाक्यात झाली. मला जरा लागलंच ते.

बाईंनी मागून पाहिलं, मग चिठ्ठीकडे पाहिलं.

"चिठ्ठीवर डावी बाजू लिहिलीय. हे तर उजवीकडे आहे."

"नाही मॅडम, डावीकडंच हाय," मी खुर्चीतूनच म्हटलं.

"ताई, तुम्ही इकडे या. मागून पाहा."

मी गेले. पोरीची पाठ वाकलेली, आणि एका अंगाची फासळी दुसरीपेक्षा उंच. कोणत्या अंगाची? मी माझा जेवायचा हात वर करून त्या बाजूला धरला. उजवा. पुन्हा पाहिला. उजवाच होता. नर्स तोंडावर हात ठेवून हसत होती.

"पण माझ्या वहीत..." मी पिशवीतून वही काढली. "हे पाहा, तीन वर्षं झाली, डावी, डावी, डावी. मी शिलाईवाली हाय मॅडम. मापात नाही चुकत मी."

"दाखवा बरं, कसं लिहिता?"

दाखवायला पिशवीत एमआरआयचा ड्रेस होताच. मी तो तपासायच्या पलंगावर उलटा करून पसरला, पाठ वर, जसा शिवताना असतो तसा. "आमचे उस्ताद सांगत, शिलाई उलट्या बाजूनं होते, तर माप बी उलट्या कपड्यावरचंच लिहा. टेबलावर जे डावं, ते वहीत डावं. ही पाहा, ही डावी बाही, हिच्या खालीच माया हाय." बाहीवर बोट ठेवून मी दुसऱ्या हातानं ड्रेस सुलटा केला. ज्या बाहीवर बोट होतं, ती बाही बोटासकट फिरली आणि उजवीकडे जाऊन पडली.

बावीस वर्षं ही वही फक्त मी वाचली, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही. माझ्या हातांना पक्कं ठाऊक होतं की वहीतलं डावं म्हणजे माणसाचं उजवं. तोंडाला ठाऊक नव्हतं. आणि समोरून मिठी घातल्यावर माझ्या डाव्या हाताखाली पोरीचा उजवाच भाग येणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

"म्हंजे आई," अजून वाकलेलीच असलेली पोरगी खालून म्हणाली, "तुले डावं-उजवं कळत नाही?"

मग मात्र बाईसुद्धा मोकळ्या हसल्या.

पण काम त्यांनी सोडलं नाही. "बाजू एकट्यानं काही ठरत नाही," म्हणाल्या, आणि सगळं पाहत गेल्या. कमरेशी केसांचा झुपका आहे का, कातडीवर मोठे डाग आहेत का, तळपायाची कमान कशी आहे. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. पलंगावर झोपवून हातोडीच्या दांड्याच्या टोकानं बेंबीभोवती चार रेघा ओढल्या. पोरगी गुदगुल्यांनी खिदळायला लागली. "दोन्हीकडे पोट सारखं आखडतंय का ते बघते," बाई मला सांगत होत्या. "एकाच बाजूला आखडलं असतं तर मी आत बघायला सांगितलं असतं." मी श्वास धरून त्या बेंबीकडे पाहत होते. दोन्हीकडे सारखीच थरथरली. एवढी सुंदर बेंबी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग त्यांनी वही मागितली, आणि सुतांचा हिशेब समजावून घेतला. "हे काही एक्स-रेचं माप नाही," त्या म्हणाल्या, "पण एवढं कळतं, की हे दहा वर्षांनंतर सुरू झालं आणि हळूहळू आलं, एकदम उडी मारून नाही. बाक उजवीकडे, दुखणं नाही, नसा चांगल्या. आज हिला एमआरआयची गरज नाही. उभं राहून एक एक्स-रे काढू, तो मात्र लागेल."

माणसाचं मन पाहा! आठ दिवस मी देवाला, बुद्धाला, दिसेल त्याला विनवत होते की त्या मशीनमध्ये लेकराला जायला लागू नये. आणि बाईंनी 'नको' म्हटल्याबरोबर माझंच टाळकं सणकलं.

"तरी करूनच टाका ना मॅडम! आलोच हाओत तं. मनाची खात्री होईल."

"कोणाच्या मनाची?"

"माझ्या."

"एमआरआय तुमच्या मनाचा निघत नाही हो, ताई," त्या म्हणाल्या. "आत शोधायला काही कारण दिसलं, तर मी स्वतः पाठवीन, तुम्ही नको म्हणालात तरी. रात्री दुखून जाग आली, पाय जड पडले, मुंग्या आल्या, लघवीचा ताबा गेला, किंवा बाक भरभर वाढला, तर सहा महिने थांबू नका, त्याच दिवशी निघा. नाहीतर सहा महिन्यांनी या."

मी मान हलवली. आणि मग, कशी कोण जाणे, रडायला लागले. म्हटलं, "मॅडम, म्याच झाकलं हो. दर साली खांद्यात घडी घालून म्याच झाकलं. मास्तरणीले दिसलं, तपासणीवाल्यायले दिसू दिलं नाही म्या." पोरगी ओढणी सावरत उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला असं रडताना पाहिलं नव्हतं.

बाईंनी गोड बोलून समजूत घातली नाही. "आधी आला असतात तर बरं झालं असतं," म्हणाल्या. "पण उशीर झालेला नाही. आणि झाकलंत, तसं लिहूनही ठेवलंत. बहुतेक आया नुसत्या म्हणतात, काय माहीत कधीपासून."

एक्स-रेत बाक बावीस अंश निघाला. अजून वाढीचं वय आहे, पुढं वाढला तर पट्टा लागू शकतो, हे त्यांनी पोरीलाच समजावलं, मला नाही. दप्तर, कूस, झाड यांतलं काहीच कारण नव्हतं. येताना तिच्या बापाच्याच गाडीत बसलो, आणि त्यानं प्रत्येक सवारीला, विचारो न विचारो, सांगितलं, "एमआरआय नाही लागला! डावं नव्हतंच, उजवं होतं. आमच्या घरचीले तं डावं-उजवंच..." मी मागून त्याच्या खांद्यावर असा काही चिमटा काढला की पुढचं वाक्य गिअरमध्येच राहिलं.

एमआरआयचा ड्रेस वाया गेला नाही. मावसबहिणीच्या लग्नात तो घालून पोरगी अशी मिरवली, की नाड्यांची ती पद्धत तीन जणींनी माझ्याकडून शिवून घेतली. काय ड्रेस आहे म्हणून विचारलं, की ही बया बिनधास्त सांगायची, "एमआरआयचा." लोकांना वाटलं नवीन फॅशन आली.

जूनच्या सुरुवातीला पुन्हा यवतमाळला गेलो. एक्स-रेत तेवीस. माझा जीव खाली-वर. बाई म्हणाल्या, एक अंश हा मोजण्यातलाच फरक असू शकतो. पुन्हा वाकवलं, पुन्हा बेंबीभोवती रेघा, पुन्हा खिदळणं. एमआरआय अजून नको, पट्टाही अजून नको. या वेळी मी 'करूनच टाका' म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं.

आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात आठवीचा ड्रेस शिवायला घेतला. पोरगी टेबलासमोर उभी राहिली, या वेळी स्वतःहून पाठ माझ्याकडे करून. मी मोजलं. पाच सूत. मागच्या वर्षीचंच माप. पुन्हा मोजलं, पाचच. तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. मग बकरमचा डबा ओढला.

"आई, खांद्यात घडी नको."

"काहून? एक खांदा वर दिसंल, पोट्टे हसतीन."

"हसू दे. खेळाच्या मॅडमले दिसलं पाह्यजे. तपासणीवाल्यायले बी दिसलं पाह्यजे." मग म्हणाली, "पण पाठीत माया ठेव. घट्ट होते मले."

मी डबा बंद केला. वही उघडली, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं हात चाललाच, 'डावी पाठ...' तिनं माझ्या हातातून पेन ओढून घेतला, त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं, 'उजवी. माझी उजवी. पाच सूत माया.'